सेव्ह होईस्तोवर

खानापुरात स्टेशन रोडला
गिरणीच्या वरच्या मजल्यावर माझं 'मयूरी ग्राफिक्स'.
खाली पीठ पडतं, वर लग्नपत्रिका.
कीबोर्डच्या फटींत नाचणी साचलीय
आणि 'ळ'चं बटण दोन वर्षं झाली
अंगठ्यानं रेटल्याशिवाय बसत नाही,
म्हणून माझ्या हातालाच ठाऊक
आपल्या बोलण्यात किती ळ आहेत ते.

पहिलं मशीन घेतलं तेव्हा
आठ फुटी बॅनर सेव्ह व्हायला अर्धा तास जायचा.
पडद्यावर वाळूचं घड्याळ उलटं व्हायचं, सुलटं व्हायचं
आणि मी खाली उतरायचो.
गव्हाच्या पोत्यांवर कॅरम मांडलेला असायचा,
पावडर गिरणीतलीच, तांदळाची.
समोरून गुरुसिद्ध यायचा, त्याचं कन्नड डीटीपी बंद न करताच,
आणि चांगाप्पा पेंटर, कानामागे ब्रश.

माझ्या फ्लेक्सनं त्याचं काम खाल्लं.
हे तो कधी बोलला नाही.
जिन्यावरून वर डोकवायचा, एवढंच म्हणायचा,
"ही वेलांटी बघ गा, गुत्त्याबाहेर उभ्यागत तिरकी झालीया."
मी ती सरळ करायचो. परत सेव्ह. परत अर्धा तास.
"पडू दे वाळू," तो सोंगटीला नेम धरत म्हणायचा,
"आपल्या बाचं काय जातंय."

गुरुसिद्ध माझं कन्नड तपासतो,
मी त्याचं मराठी.
बोर्डावर कन्नड वर, साठ टक्के,
आम्ही दोघं मिळून पट्टी लावून मोजतो.
पाच भजी आली की तो तीन उचलतो,
"साठ टक्के, कायदाच हाय की!"
आणि तिसरं चांगाप्पाला देतो.

आता मशीन नवीन आहे.
बोट उचलायच्या आत फाइल सेव्ह झालेली असते.
खाली जायला कारणच उरलं नाही.
दिवसाला चाळीस कामं होतात,
तेवीस मुंडक्यांचे वाढदिवस, जावळ, क्लासचे टॉपर,
रात्री साडेदहाला बायकोचा फोन:
"मी जेवून घेतो, तू ये सावकाश."
कॅरम भिंतीला टेकवलेला, त्याच्यामागे मांजर व्यालं.
चांगाप्पा विजेच्या खांबांवर नंबर घालत फिरतो.

परवा नंदगडचा एक पोरगा आला,
शर्यतीचं पोस्टर मोबाइलकडूनच करून आणलेलं.
आभाळ पेटलेलं, बैलाच्या शिंगांना सोनं,
खाली लिहिलेलं 'हार्दीक शुभच्छेा'.
"सगळं झालंय मामा, फक्त अक्षरं बसवा."

फक्त अक्षरं.

मी बैलाचे पाय मोजले. पाच.
"असू दे की," पोरगं म्हणालं, "जास्त पळंल."
हसलो आणि बसलो जोडाक्षर उकलत,
च्छ चा तो अर्धा च, जो त्या एवढ्या हुशार यंत्राला
कुठं ठेवावा कळला नव्हता.

तेवढ्यात लाइट गेली.
यूपीएस थोडा वेळ ओरडला आणि गप झाला.
खाली गिरणीचा पट्टा फट्फट् करत थांबला
आणि खूप दिवसांनी मला मांजराची पिल्लं ऐकू आली.

जिना उतरलो तर गुरुसिद्ध आधीच पोत्यावर.
चांगाप्पाला त्या पोरानंच बोलावून आणलं,
खांबावरचा सात अर्धा सोडून आला होता.
बोर्ड झटकला. मूठभर पीठ मारलं.
म्हाताऱ्याचा हात आता कापतो,
तरी स्ट्रायकर सोडताना नाही कापत, हे मी बघितलं.

चौथ्या डावात लाइट आली.
गिरणी धडधडली, वर पंखा लागला,
बायका डबे घेऊन हाका मारू लागल्या.
कोणी उठलं नाही.
चांगाप्पानं राणी घेतली होती, कव्हर बाकी होतं.

वर पाच पायांचा बैल
सेव्ह न होता गेला असणार.
पोरगा म्हणाला, "मामा, माझं पोस्टर..."
गुरुसिद्ध त्याला म्हणाला, "कुंदर, तम्मा. बस."
तो पोत्यावर बसला
आणि विचारायला लागला, ही राणी म्हणजे किती पॉइंट?