परतीची रेघ

गणेशखिंडीच्या सभागृहात एक निवृत्त एअर मार्शल
पडद्यावर नकाशा दाखवतात.
लाल बाण पश्चिमेला जातात,
शेपटीकडे जाड, टोकाशी धारदार,
आणि एकही बाण परत येत नाही.

मी मागच्या रांगेत. कानात यंत्र, मांडीवर कापडी पिशवी.
हवाई सामर्थ्य म्हणजे पोहोच, ते म्हणतात,
पोहोच, वेग, धक्का.
शेजारचा मुलगा वहीत उतरवून घेतो.

त्या डिसेंबरात मी लोहगावला हवामान सहायक होतो.
सगळं पुणं काळ्या कागदाआड.
पर्वतीवर दिवा नाही, कँपात नाही,
आणि रात्री अकराला मी
हायड्रोजनचा फुगा सोडायचो, खाली लांब दोरीला
कागदी कंदील, आत मेणबत्ती.
थिओडोलाइटला डोळा लावून
ती ठिणगी कुठे वाहते ते मिनिटामिनिटाला टिपायचं.
वरचा वारा असाच कळायचा.
एकदा येरवड्याहून वॉर्डनचा फोन,
"तुमच्या हद्दीत कुणीतरी दिवा उडवतंय, विझवा!"
विंग कमांडर बोपय्यांनी स्वतः घेतला,
"विझवतो. जरा वर जाऊ द्या."

बोपय्या नकाशावर आधी परतीची रेघ मारत.
शिसपेन्सिलीने, लोहगावपासून उलटी.
इंधन, वारा, चंद्रास्त, पर्यायी धावपट्टी,
आणि ती रेघ जिथे दमते
तिच्या अलीकडेच लक्ष्य शोधत.
पोरं हसायची,
साहेब जेवणाआधी ताट घासतात म्हणायची.

त्या रात्री त्यांनी विचारलं, "ओगले, पहाट कशी?"
मी तेवीस वर्षांचा. दवबिंदू पाहिला,
इंद्रायणीकडून येणारी ओल हुंगली,
म्हटलं, "साडेपाचला धुकं. दाट."
दुसरी फेरी त्यांनी तिथेच खोडली.
मग दिल्लीचा फोन बराच वेळ चालला.
दाराबाहेर मला एवढंच ऐकू आलं,
"नाही सर. नाही. हो, लेखी देतो."

चार गेली.
तीन आली. चार पन्नास, चार बावन्न, चार सत्तावन्न.

साडेपाच झाले.
धुकं आलं नाही.
पावणेसात. दिघीची टेकडी कोरल्यासारखी,
धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख.
धुकं आलं असतं तर निदान म्हणता आलं असतं,
उतरायला जागा सापडली नसेल,
ओझरला वळली असतील, फोन येईल.
एवढ्या निरभ्र आकाशाखाली काय म्हणणार?

लाक्रा आणि गुर्जर.
गुर्जरची सायकल मेसच्या भिंतीला टेकलेली.
सीटवर दव.
तेवढंच माझं धुकं.

"सर, माझं चुकलं."
ते वरच बघत होते.
"तू हवा सांगितलीस. विमानं मी ठरवली."
फाइलीत त्यांनी माझं नाव कुठेच येऊ दिलं नाही.
पुढे त्यांना बढती मिळाली नाही.
संबंध असेल, नसेल.

आणि दुसरी फेरी गेली असती तर?
या प्रश्नाला उशाशी घेऊन मी पन्नास वर्षं झोपलोय.
कधी लक्ष्य पेटतं, लढाई दोन दिवस आधी संपते.
कधी भिंतीला आणखी सायकली राहतात.

"काही प्रश्न?"
मी उभा राहतो, गुडघा वाजतो.
"त्या रात्री वारा कुठून होता?"
सभागृहात थोडं हसू पिकतं.
मार्शल मात्र हसत नाहीत. चष्मा काढतात,
आपल्याच बाणांकडे बघत राहतात,
म्हणतात, "हे मला माहीत असायला हवं होतं."

परतताना पाचशे नऊ चौकात
रिक्षावाला बोलता बोलता थांबतो,
वरून आवाज जाईपर्यंत सगळेच थांबतात इथे.
मी मान बाहेर काढतो.
दोन गेली.
धानोरीला पोचेन, किल्ली शोधेन, चहा टाकेन,
गॅलरीचं दार उघडंच ठेवेन.