इतिवृत्त, पान एकेचाळीस

लिलावाच्या शेडमध्ये सभा. उपस्थित सतरा.
तिघींचे हात मासळीचे ओले,
त्यांच्या सह्या शेवटी घ्यायच्या ठरल्या.

विषय पहिला : धनावडेशेठचा निरोप.
आडखोल गटातला आपला अर्ज मागे घ्यायचा.
बदल्यात पंचायत समितीची एक जागा,
त्यांच्या चिन्हावर,
आणि जाहीरनाम्यात आपली जेटी, पान अकरा.

आपली म्हणजे, जी आपल्याला नको ती.

रवळनाथ खवळे म्हणाले,
आमदारकीला पाठिंबा दिला तेव्हाही पान होतं.
गुलाल उतरला
आणि कोळशाच्या जेटीचा बहुउद्देशीय धक्का झाला.
धक्का बसला. उद्देश अजून मोजतोय.
(हे वाक्य गाळावं, अशी अध्यक्षांची सूचना.
गाळलेलं नाही.)

आपलं चिन्ह इस्त्री.
मागितली होती होडी.
आडखोलात इस्त्री दोनच घरांत,
एक मास्तरांकडे, एक शेठकडे.
तरी मागच्या खेपेला चारशे बारा मतं,
आणि शेठचा माणूस पडला तीनशे नव्वदने.
तेव्हापासून शेठ आम्हाला
नावानिशी ओळखतात.

खवळे म्हणाले, ट्रॉलरच्या मागे दोर बांधला
की होडी पोचते झटक्यात,
पण जाळं टाकायचं ते त्याच्या जागेवर.
सुहासिनी मेस्त बसल्या जागेवरून बोलल्या,
'आणि दोर नाय बांधलो तर
भांगाक चिखलात रुतान बसाचा.'

मग उठल्या.
'तुमचा तत्त्व माका कळता.
पण केस माझ्या झिलार आसा.
बोटीर जावचा तर पोलिसांचो दाखलो होयो.
तो काय तुमची इस्त्री देतली?'

पत्र्यावर कावळे चालत होते,
त्यांची नखं ऐकू येत होती.
बर्फाच्या लादीखालून पाणी निघून
चपलांपर्यंत आलं,
कुणी पाय हलवला नाही.

केस माझ्यावरही आहे.
तीच सकाळ, तीच कलमं,
सर्व्हेवाल्यांच्या त्याच गाडीपुढे बसलो होतो.
तिचा मुलगा माझ्या डावीकडे,
मीच त्याला घरून बोलावून नेलं होतं.
फरक इतकाच,
मला कुठे जायचं नाही.

हे इतिवृत्तात येत नाही.
आलं आहे.

मतदान हात वर करून.
अर्ज मागे घ्यावा : आठ.
घेऊ नये : आठ.
सतरावा हात माझा,
त्यात ही वही होती.

सगळे माझ्याकडे पाहत राहिले.
खाली खाडीत ओहोटी लागली होती,
होड्या एकेक करून कुशीवर कलंडत होत्या,
ज्याच्या त्याच्या बाजूला.

मी लिहिलं :
एकमत न झाल्याने विषय पुढील सभेत.
अर्ज मागे घेण्याची मुदत सोमवारी तीनपर्यंत.
पुढील सभा मंगळवारी.

तारीख मी घातली.
वाचून दाखवली.
हरकत कुणी घेतली नाही.

शेवटी ओल्या हातांच्या सह्या.
सुहासिनीबाईंनी पदराला हात पुसले,
मंगळवारवर बोट ठेवलं,
पुन्हा वाचलं.
सही केली.

पेन परत दिलं नाही.