बटाट्यांखालची नावं

ब्रश असा धर, मिर्तेल. आडवा नको.
माती अक्षराच्या पोटात बसते,
वरवर पुसून निघत नाही.
पाणी कोमट आहे ना?
एप्रिलच्या थंड पाण्यानं दगडही शहारतो,
आणि माझी बोटं तर आता दगडाहून हट्टी.

मोजू नकोस, वाच.
मोजलं की नुसते सतरा होतात.
वाचलं की एकेक जण
टोपी काढून चर्चच्या दारातून आत येतो.
हा आडो, लोहाराचा.
हे दोघे वेस्कीमात्स, गिरणीवाले, सख्खे भाऊ.
दोघांत धड बुटांची एकच जोडी,
म्हणून आळीपाळीनं पहाऱ्याला जायचे.
गेले मात्र एकाच दिवशी.
आणि हा एल्मार, माझा काका. शाळेतून थेट गेला.
वहीत अर्धं सोडवलेलं गणित होतं,
घरात ते कुणी पुरं केलं नाही.

मी सात वर्षांची. कंदील माझ्या हातात.
उजाडल्यावर हा दगड सुरुंगानं उडवायचा
असा हुकूम आला होता.
वडिलांनी, पाद्र्यानं आणि आणखी दोघांनी
तो घसरगाडीवर चढवला.
घोड्याच्या खुरांना पोती बांधलेली.
कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त वडील म्हणाले,
"उजेड खाली धर, वाल्वे."
आमच्या भाषेत वाल्वे म्हणजे पहारा.
नाव ठेवताना कुणाला काय ठाऊक!

सकाळी शिपायांना रिकामा चौथरा सापडला.
त्यांनी तोच उडवला.
पुढे वडिलांना नेलं. ते बोलले नाहीत,
आणि परतलेही नाहीत.
मला कुणी विचारलंच नाही.
एवढ्याशा पोरीला कोण विचारतं,
शेतात काय पुरलंय म्हणून?

त्रेचाळीस वर्षं मी त्यावर बटाटे लावले.
तिथं नांगर वीतभरच उतरू द्यायचा.
नवऱ्याला वाटायचं, बायको कामचुकार.
सामुदायिक शेतीचा मुकादम विचारायचा,
इथलं पीक बरं येतं, खत कुठलं?
मी म्हणायची, शेण.

एक सांगते, कुणाला बोलू नकोस.
मधली काही वर्षं मी विसरूनही गेले होते.
मुलं, गुरं, साखरेच्या रांगा.
मग एकदा फाळ खण्णकन वाजला
आणि मी सरीत मटकन बसले.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात तोंड उघडलं.
अख्खा गाव फावडी घेऊन आला,
माझे बटाटे तुडवत.

आता अकरा वाजता भाषणवाले येतील.
म्हणतील, यांनी रक्त सांडलं. सांडलंच.
मला मात्र ते बूट आठवतात.
स्वातंत्र्याचं म्हणशील तर
राईच्या पावाच्या आंबवणासारखं आहे बघ.
सगळंच भाजून खायचं नसतं,
मूठभर मागे ठेवायचं, उद्याच्या पिठात कालवायला.
एखादा दिवस चुकला तर चालतं.
आठवडा चुकला की बुरशी.
मग शेजाऱ्याच्या दारात जावं लागतं,
आणि आपला शेजारी कोण,
ते तू नकाशात पाहिलंच आहेस.

एल्मारच्या शेवटच्या अक्षराचा टवका उडालाय ना,
तो माझ्या फाळानं.
कारागीर म्हणाला, बुजवतो. म्हटलं, राहू दे.
तिथं जरा हलक्या हातानं.

बादली घंटेच्या दोरीखाली असते.
पुढच्या वर्षी मी नसले तर
किल्ली मागत हिंडू नकोस.
दार कुरकुरतं, पण उघडतं.