शिंतोडे

एकवीस वर्षं भिंतींना फरशा लावून
मी एवढंच शिकलो :
माणसं ओट्याचे पैसे मुकाट मोजतात,
शेगडीचे, नळाचे, कपाटाच्या मुठींचेही,
आणि भांडतात ती ओट्यामागच्या भिंतीवरून.
हातभर उंच, दोन हात रुंद,
रस्सा उडाला तर झेलायला एक जागा,
पण नेमका तिथे येऊन संसार अडतो.
एका जोडप्याचं तर ग्राउटच्या रंगावरून फाटलं.
करडा की फिकट करडा.
मी बादलीत दोन्ही कालवून बसलो होतो.

डनीडनच्या त्या चढावर
व्हॅन पहिल्या गिअरमध्येही कुरकुरते,
चाकामागे वीट लावावी लागते.
मोइरा किलगूरबाईंनी दार उघडलं
तर दक्षिणेचा गार वारा माझ्याआधी आत शिरला.

भिंतीला टेकून पाच नमुने,
ओळखपरेडीला उभे केल्यासारखे.
एक पांढरा. आणखी एक पांढरा
(बाईंच्या मते हा दुधाळ, तो नुसताच पांढरा).
समुद्रशेवाळाच्या रंगाची काच.
मासळीच्या दुकानात असतो तसा स्टीलचा पत्रा,
हा युअनचा हट्ट.
आणि कडेला, कोणी न बोलावलेली,
टिटवीच्या अंड्यासारखी ठिपक्याठिपक्यांची एक.
"ती दुकानदाराने फुकट दिली," बाई म्हणाल्या,
"नवी असतानाच मळलेली."

मग सुरू झालं.
पत्रा म्हणजे खाटीकखाना.
पांढरं म्हणजे इस्पितळ.
तुला तुझ्या आईचं स्वयंपाकघर हवंय.
तुला बंदरावरचं कॅन्टीन.
भिंत बिचारी कोरी उभी,
शिंतोडे दोघं एकमेकांवरच उडवत होते.
मी चहात बिस्किट बुडवलं. ते तुटून तळाला गेलं.

"टेविटा, तूच सांग."
हे कोणीतरी म्हणतंच.
मी कधी सांगत नाही. मी विचारतो,
इथे शिजतं काय?

दोघं थांबले. जणू हा प्रश्न
कुठल्याच दुकानात कोणी विचारला नव्हता.
"रविवारी शिंपले," युअन म्हणाला.
"बीट. मटणाचं सूप.
हल्ली मीच करतो. हिचे गुडघे."

मी टेप घेऊन वाकलो.
उघड्या प्लास्टरबोर्डवर चार महिन्यांची नोंद होती.
ज्योतिषी हात वाचतो तसे आम्ही डाग वाचतो.
उकळून उडालेलं वर जातं, गोल थेंब सोडतं.
हे तसे नव्हते.
डावीकडे, खाली, आडवे, लांब,
बिटाच्या रंगाचे,
डावातलं वाटीपर्यंत पोचायच्या आतच
वाटेत हिसकल्यासारखे.

मी मागे वळून पाहिलं नाही.
बशीत कप वाजत होता. मघापासून वाजत होता.
मला वाटलं होतं, वाऱ्याने खिडकी.

बाईंनी माझं मोजणं पाहिलं,
नजर कुठे थबकली तेही.
खुर्चीला धरून उठल्या,
कडेचा नमुना उचलून उजेडात धरला.
"ही लाव."
"तुला आवडत नव्हती ना?"
"नव्हती."
"मळकी आहे म्हणालीस."
"म्हणाले असेन. माणूस बोलतो काहीही."
युअनने हात खिशात घातला
आणि खिडकीबाहेर बंदराकडे बघत राहिला,
तिथे त्या वेळी एकही जहाज नव्हतं.

मंगळवारी काम सुरू केलं.
नियम असा की आधी भिंत पुसायची,
तेलाचा अंश राहिला तर फरशी सुटते.
तेल निघालं. बीट निघत नाही.
त्या गुलाबीवरच पहिली फरशी दाबली.
ठिपके जुळवायचे नसतात त्यात,
मी उगीच जुळवून पाहत होतो.
ग्राउट गडद घेतला. कोणी विचारलं नाही का.

निघताना युअनने सूपचा डबा दिला,
दोन्ही हातांनी.
झाकण घट्ट होतं, वर रबरही लावलेलं.
ते बाईंनी.
चाकामागची वीट काढली, व्हॅन उतारावरून
गचके खात खाली आली.
एक थेंब सांडला नाही.