सहापर्यंत

जालना रोडला, पूर्वी जिथं टायरचं दुकान होतं,
तिथं आता काचेमागं बांबू लावलाय.
खरा नाही. मी बोटानं दाबून पाहिला.

बाहेर बेचाळीस. आत इतकं गार
की ह्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं
आणि सवयीनं भिंतीवर घड्याळ शोधलं.
नव्हतंच.
"जेवायच्या जागी घड्याळ नाही,
म्हणजे बिल दांडगं येणार बघ."

बिल लेकीनं पुण्याहून आधीच भरलंय.
आई, तिथं मैदा नाही, साखर नाही, तेल नावाला,
बाबांना सगळं चालेल.
चालेल.
दोन स्टेंट बसल्यापासून
आमच्या घरात हा एकच शब्द शिजतो.

"नीलकंठ डोणगावकर सर?"
वाढणारी पोर वहीत बघत म्हणाली.
ह्यांना सर म्हणणारं गुलमंडीत कुणी नव्हतं,
तिथं सगळे घड्याळवाले काका.
तिचं गाव निघालं सेलू.
जेवण थोडं कोरियन, थोडं थाई, थोडं जपानी, तिनं सांगितलं.
"आणि पाणी?"
"जायकवाडीचं, काका,"
आणि हसली, पहिल्यांदाच खरी.

मेनूत किमतीशेजारी अजून एक आकडा, बारीक.
चारशे दहा. दोनशे पंच्याऐंशी.
भिंग लावल्यासारखा एक डोळा मिटून
ह्यांनी सगळे वाचून काढले.
"हे किती वाजले म्हणायचे?"

हिरव्या शेंगा आल्या, वरून मीठ.
सोयाबीन निघालं.
ह्यांनी सालासकट चावून खाल्ली,
दाणे काढून खायचे असतात
हे मी सांगितलं नाही.
मग लाल कोबी. "नासलीय का मुरलीय?"
मग सूप. पाखडायचं नव्हे, प्यायचं.
मग एका खोल वाडग्यात तपकिरी भात,
त्यावर पांढऱ्या वड्या, ना तळलेल्या ना उकडलेल्या,
आणि वरून काळे तीळ.

जानेवारीपासून ह्यांचा उजवा हात हलतो.
मी कप अर्धाच भरते.
आम्ही त्यावर बोलत नाही.

पोरीनं न विचारताच काटा-चमचा आणून ठेवला.
ह्यांनी तो बाजूला सरकवला
आणि कागदातून काड्या काढल्या.
दोन्ही बोटांत फिरवून पाहिल्या,
टोकं जुळतात का ते उजेडात धरून पाहिलं.
"चिमटाच की. फक्त मागं जोडायचा इसरलेत."

हात हवेत हलत हलत खाली आला.
टोक तिळाला टेकलं
आणि थांबला.
पार थांबला, मधे काही झालंच नाही असा.

तो तीळ ह्यांनी माझ्या रिकाम्या बशीच्या काठावर ठेवला,
वर, मधोमध.
मग दुसरा, जरा उजवीकडं.
तिसरा.
माझ्या लक्षात आलं तेव्हा चार वाजले होते.
शेजारच्या टेबलावरची पोरं
आपापल्या जेवणाचे फोटो काढायली होती.
पाच.
सहा, तळाशी, माझ्या पोटाकडं.

सातवा सुटला. माझ्या सुपात पडला.

काड्या खाली ठेवून
ह्यांनी डाव्या हातानं उजवा धरला,
रस्त्यात पोराचा धरावा तसा.

पोर बशी उचलायला आली.
"थांब गं," हे म्हणाले,
"सहापर्यंतच झालंय."
ती थांबली. काय झालंय ते तिला कळलं नव्हतं,
तरी ट्रे छातीशी धरून थांबली.

आणि मी चमच्यानं सुपाचा तळ ढवळत होते.
लग्नाच्या पहिल्या वर्षी दुकानात
एखादा स्क्रू उडाला की
मीच गुडघ्यावर बसायची, फरशीवरून लोहचुंबक फिरवत,
आणि हे वरून म्हणायचे, सावकाश,
गिऱ्हाईक उद्या येणाराय.

तीळ लोहचुंबकाला लागत नाही.
सूप गार झालं.
मी ढवळत राहिले, सावकाश.