क्षितिज सरळ करताना

क्लाक्सव्हीकच्या छोट्या संग्रहालयात
हीटर ठोके देतो, मी ओळी लिहिते.

फोल्डर उघड.
आत जेवढी चित्रं असतील, त्या प्रत्येकासाठी:
समुद्र आकाशाला टेकतो ती रेघ शोध.
जर ती दोन अंशांहून जास्त कलली असेल
तर चित्र तेवढंच उलट फिरव,
कडा काप, जतन कर.
नाहीतर हात लावू नकोस.
मग ये रे माझ्या मागल्या, पुढचं चित्र.

(पहिल्या रात्री ‘बंद कर’ लिहायची विसरले.
तीनशे चित्रं एकदम डोळे उघडे ठेवून बसली
आणि यंत्राचा श्वास अडकला.)

जरतरला काही अर्थ नसतो, म्हणतात.
याला दुसरं काही कळतच नाही.

सकाळी हानुस आला, खिशात सुका मासा.
त्र्याऐंशी वर्षांचा, ‘टेर्नन’वरचा आचारी;
फोटो त्याचेच.
मी अभिमानाने दाखवले:
समुद्र इस्त्री केलेला,
आणि डेकवरचे चौघं तिरपे,
आता पडतील की मग.

बराच वेळ मासा चघळत राहिला.
‘याला शिस्त कुणी लावली?’
बोट समुद्रावर.
‘आम्ही सरळच होतो, पोरी.
वाकडा तो चालायचा.’

मूळ चित्र परत उघडलं.
खरंच, माणसं ताठ, डेक ताठ,
फक्त ओलीच्या मगातली कॉफी
एका कडेला चढलेली.
ती एकटी समुद्राच्या बाजूची.

मग एक ओळ वर घातली:
जर फोल्डरचं नाव ‘टेर्नन’ असेल, तर वगळ.
दोनशे चौदा चित्रं. सुटले.

पण ‘घर’ नावाच्या फोल्डरात
एक धक्का, गवताच्या छपराचं घर,
बाबागाडी घेऊन उभी एक बाई.
बोट नाही, लाट नाही,
तरी सगळं सहा अंश डावीकडे.
नियमाने फिरवायलाच हवं.

‘पाच महिन्यांनी उतरलो होतो,’ हानुस म्हणाला,
‘जमीन हलत नव्हती.
मी हलत होतो.’

याची अट कशी लिहायची
मला अजून सुचलेलं नाही.
ते चित्र हाताने उचलून
‘टेर्नन’मध्ये ठेवलं
आणि चालवलं पुन्हा.

वगळलेली चित्रं: दोनशे पंधरा.