पाचवं दार

डिकी म्हटलेलं बाबांना खपत नाही.
"दार आहे ते. पाचवं.
अकरा वर्षं मी तेच बसवलं,
मला सांगू नका."

साराएवोच्या उत्तरेला, वोगोश्चाच्या कारखान्यात
पट्ट्यावरून गोल्फ यायच्या उघड्या पाठीच्या,
डोंगर उतरणाऱ्या मेंढ्यांसारख्या, एकीमागे एक.
डावी बिजागरी मोमिरची,
उजवी हिल्मियाची, म्हणजे बाबांची.
दोघांनी मिळून दार उचलायचं, बोल्ट आवळायचे,
मग तळहातानं एकदाच दाबायचं आणि कान द्यायचा.
'धप्' आला तर पुढे.
'खण्' आला तर परत.
मोमिरचा कान जास्त तयार, एवढं बाबा कबूल करतात.
बाकी त्याच्याबद्दल फार बोलत नाहीत.

मूळ आराखडा परक्यांचा.
जर्मनांची आधीची गाडी भुंग्यासारखी गोल, इंजिन शेपटीत.
मग कुणीतरी पट्टी घेतली, कागदाला चार घड्या घातल्या,
इंजिन पुढे नेलं
आणि मागे जी जागा उरली
तिला भिंत न घालता दार दिलं.
एवढंच.
बाबांच्या हिशेबी चाकानंतर शोध लागला तो हाच.

आमची आली सत्त्याऐंशीत, कामगारांच्या सवलतीत,
शेवाळी रंगाची.
त्या दारातून काय काय आत गेलं
ते आईला तोंडपाठ, भांडणात उपयोगी पडायचं म्हणून:
हिवाळ्याच्या चटणीसाठी लाल मिरच्यांची सात पोती,
कुर्बान बैरामचा मेंढा, ज्यानं वाटेत माझी टोपी खाल्ली,
आत्याचं शिवणयंत्र, पाय काढून,
आणि एका पहाटे कळा देणारी एमिना मावशी, आडवी,
दार अर्धं उघडं, कारण तिला वारा हवा होता.

मग ब्याण्णव.
कारखाना रेषेच्या पलीकडे राहिला, आम्ही अलीकडे.
मोमिरही पलीकडे.
पेट्रोल संपलं तशी गाडी सुटी सुटी होऊन घरात आली.
मागची सीट तळघरात,
तिच्यावर मी आणि भाऊ झोपायचो, मिरच्यांच्या वासात.
बॅटरीवर रेडिओ, संध्याकाळी दहा मिनिटं, बातम्यांपुरता.
आरसा दाढीला.
टायर दुसऱ्या हिवाळ्यात शेजाऱ्यांनी जाळले.
आम्हीही हात शेकले.
दार मात्र बाबांनी कुणाला काढू दिलं नाही.
आत चोरण्यासारखं काही उरलं नव्हतं,
तरी रोज रात्री जाऊन कुलूप बघायचे.

पुढे जोडजोड करून ती उभी राहिली,
पण दाराचे गॅसचे दांडे मेलेले.
आई भाजी उतरवायची,
मी झाडूच्या काठीनं दार तोलून धरायची.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चात फाटकाशी एक माणूस उभा.
केस गेलेले.
बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट.
बाबांनी त्याला घरात बोलावलं नाही. हाकललंही नाही.
आईनं कॉफी अंगणात नेली.
वर्तमानपत्रात दोन नवे दांडे होते.
दोघांनी दार उचललं, एक या अंगानं, एक त्या.
कुठे होतास, हे कुणी कुणाला विचारलं नाही.
मोमिरनं तळहात ठेवला, दाबला.
"खण्," तो म्हणाला.
"सहा वर्षं उभी होती. एवढं चालायचंच."
"नाही. परत."
अंधार पडेपर्यंत ते बोल्ट सैल करत होते, आवळत होते.
कॉफी कधीच निवली होती.

आज मी फ्रिज घेतलाय.
दुकानदार म्हणतो, टेंपो करा ताई.
एक्याऐंशीचे बाबा त्याच्याकडे असं बघतात
की तो गप्प बसतो.
"सीट पाड. आडवा घे. अजून. अजून."
वीतभर बाहेर राहतोच.
दार मिटणार नाही, बांधावं लागेल.
"दोरी आहे," बाबा म्हणतात,
"डाव्या कोपऱ्यात बघ,
मोमिरच्या बाजूला."